पाव मैलाचे मालक : प्रस्तावना

ला हार्प हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं शेतकऱ्यांचं छोटं गाव. १९६८ च्या अखेरीस आणि १९६९ च्या पूर्वार्धात तिथल्या फ्रेड गिब शेव्हरोले या डीलरकडे पाठोपाठ पन्नास कॅमारो गाड्या आल्या. अंगावर पट्टे नाहीत, बिल्ले नाहीत. रस्त्यावरून जाताना कुणी वळून पाहिलं नसतं. बॉनेटखाली मात्र संपूर्ण ॲल्युमिनियमचं, ४२७ घनइंचांचं, म्हणजे सात लिटरचं इंजिन होतं. त्याचं नाव झेडएल-१. कंपनीने कागदावर ४३० अश्वशक्ती लिहिली होती. खरा आकडा पाचशेच्या पुढे जातो हे शर्यतवाल्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. गिबने एकदम पन्नास मागवल्या त्यालाही शर्यतीचंच कारण होतं. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या 'सुपर स्टॉक' वर्गात गाडी उतरवायची तर तशा किमान पन्नास गाड्या तयार झालेल्या असाव्या लागत. हिशेब चुकला तो किमतीचा. कंपनीने इंजिनाचे ४,१६० डॉलर गिऱ्हाइकाच्याच माथी मारले आणि जी कॅमारो एरवी तीन हजारांच्या आत मिळायची ती ७,२०० च्या वर गेली. एवढ्या महागड्या पन्नास गाड्या त्या गावात कोण घेणार? गिबने बहुतेक गाड्या कंपनीला परत केल्या आणि कंपनीने त्या देशभरातल्या इतर डीलरांकडे वाटून टाकल्या. दुसऱ्या डीलरांनी मागवलेल्या धरून अशा एकूण ६९ गाड्या निघाल्या. काहींना गिऱ्हाईक मिळेपर्यंत पुढचं दशक उजाडलं.

या गोष्टीपासून सुरुवात केली, कारण आपल्या अभ्यासातला पहिला खड्डा इथेच आहे. समजा, अशा एका गाडीची पाठवणीची नोंद हाती आली. नोंद म्हणते : डीलर, ला हार्प. मग एक म्हातारे गृहस्थ भेटतात, म्हणतात, 'मी ही गाडी नवी कोरी घेतली, पण दुसऱ्याच राज्यात, दुसऱ्याच डीलरकडे.' नवखा संशोधक म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीवर शेरा मारून पुढे जातो. वास्तविक कागदही खरा असतो आणि म्हातारेही खरे असतात. मधल्या फेरवाटपाची माहिती नसलेला संशोधक तेवढा चुकीचा.

जुन्या ड्रॅग शर्यतीच्या, म्हणजे पाव मैलाच्या सरळ धावेच्या, मोठ्या इंजिनाच्या मसल कारचे मालक शोधत मागे मागे जाणं, एवढाच या विद्येचा विषय. कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवसापासून आजच्या गॅरेजपर्यंत ती कुणाकुणाच्या हातात होती, हे पुराव्यानिशी सांगायचं. मराठी वाचकाला इथे बिचकण्याचं कारण नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींना अस्सल पत्रांच्या कसोटीवर घासलं, तेव्हापासून 'बखर की कागद' हा वाद आपल्या अंगवळणी पडलेला आहे. इथेही भांडण तेच आहे. फरक एवढाच की इथली बखर बहुधा गॅरेजमध्ये, हातात बिअरची बाटली घेऊन सांगितली जाते आणि कागद असलाच तर सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला सापडतो. हे अक्षरशः खरं आहे. क्रायसलरच्या कारखान्यात गाडी जुळवताना वापरलेला सूचनांचा तक्ता सीटखाली तसाच राहून जायचा, आणि पन्नास वर्षांनी सीट उसवताना तो हाती लागल्याची उदाहरणं आहेत.

अमेरिकेत गाडीच्या मालकीचा दाखला म्हणजे 'टायटल'. राज्य सरकार तो देतं आणि विक्री झाली की तो नव्या मालकाच्या नावे होतो. मग टायटलांची मालिका मागवली की काम झालं, असं वाटेल. होत नाही. पहिलं कारण असं की शर्यतीची गाडी रस्त्यावर चालवायचीच नसे. ती ट्रेलरवर चढे, ट्रॅकवर उतरे, पाव मैल धावे आणि पुन्हा ट्रेलरवर चढे. पाटी नको, विमा नको, मग टायटल तरी कशाला? कारखान्याच्या मूळ दाखल्यावरच ती दोन-तीन हात फिरे. पुढे साध्या विक्रीच्या चिठ्ठीवर, कधी नुसत्या शब्दावर. दुसरं कारण, प्रत्येक राज्याची रीत निराळी. न्यूयॉर्क राज्य १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलना टायटल देतच नाही, तिथे नोंदणीचा कागदच मालकीचा पुरावा धरतात. तिसरं कारण गंभीर आहे. १९८९ मध्ये रेबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा लॉस एंजेलिसमध्ये तिच्या दारातच खून झाला. खुन्याने तिचा पत्ता एका खासगी गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्यातून काढला होता. त्यानंतर १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला आणि वाहन खात्यांकडची मालकांची नावं-पत्ते सर्वसामान्यांना बंद झाले. कायदा योग्यच आहे, हे मी नवीन अभ्यासकांना आधी सांगतो, कारण त्यांची पहिली तक्रार याच कायद्याबद्दल असते. आपली उत्सुकता कुणाच्या जिवापेक्षा मोठी नाही. उत्तर दुसऱ्या वाटेने काढायचं.

कारखान्याकडच्या नोंदींची वाट बरीच रुळलेली आहे, पण कंपनीगणिक वेगळी. पॉन्टियाकच्या गाड्यांची मूळ बिलं पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळतात. १९६७ पासूनच्या फोर्डचा उत्पादन-तपशील 'मार्टी रिपोर्ट' या नावाने मिळतो. शेव्हरोलेची पाठवणीची नोंद कॉर्व्हेटवाल्यांच्या संस्थेकडून मिळते. तिच्यात गाडी कोणत्या डीलरकडे गेली एवढंच कळतं. शेव्हरोलेच्या बाबतीत आणखी एक पंचाईत आहे. १९६९ च्या झेडएल-१ कॅमारोचा नंबर '१२४३७९एन' असा सुरू होतो. १ म्हणजे शेव्हरोले, २४ म्हणजे आठ सिलिंडरांची कॅमारो, ३७ म्हणजे दोन दारांची कूपे, ९ म्हणजे १९६९, आणि 'एन' म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना. पुढे सहा आकडी अनुक्रमांक. आठ सिलिंडर आहेत एवढं कळतं. कोणते आठ, ते कळत नाही. म्हणजे झेडएल-१ चा नंबर आणि शाळामास्तरच्या साध्या कॅमारोचा नंबर यांत वाचून फरक करता येत नाही. उलट क्रायसलरने १९६८ मध्ये हर्स्ट कंपनीकडून जुळवून घेतलेल्या शर्यतीच्या हेमी डार्टचा नंबर 'एलओ२३एम' असा सुरू होऊन आपली जात स्वतःच सांगतो. त्या डार्टला काच वर-खाली करायला हँडलऐवजी पट्टा होता, पुढच्या सीट कंपनीच्या व्हॅनमधल्या होत्या, मागे सीटच नव्हती आणि वॉरंटी नाही असं बजावणारा कागद सोबत होता. अशा गाडीच्या खोट्या प्रती करणं कठीण जातं, पण अशक्य नाही.

कागद संपला की गाडीचं अंग वाचावं लागतं, आणि खरं सांगायचं तर या विद्येची गोडी तिथे आहे. गाडीचा नंबर १९६८ पासून डॅशबोर्डवर, काचेतून दिसेल असा बसवलेला असतो. तीच पट्टी चोराला आणि लबाडालाही आधी दिसते. शर्यतीसाठी डॅशबोर्ड कापला तर ती पट्टीही भंगारात जाते. पण कॅमारोच्या पत्र्यावर वायपरखालच्या जाळीआड आणि इंजिनमागच्या भिंतीवर नंबराचा अर्धा भाग ठोकलेला असतो. जाळी काढून, पुट्टी खरवडून, टॉर्च तिरकी धरून तो वाचावा लागतो. तोच अर्धा नंबर इंजिनच्या ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवरही असतो. ब्लॉकवरचा नंबर वाचताना आकड्यांआधी त्यांच्याखालचा पृष्ठभाग पाहावा. कारखान्यात तो भाग यंत्राने घासताना त्यावर एकाच दिशेने बारीक समांतर रेघा उमटत. कुणी जुना नंबर घासून नवा ठोकला असेल तर त्या रेघा गेलेल्या असतात, किंवा हाताने ओढलेल्या असतात. हाताची रेघ आणि यंत्राची रेघ भिंगाखाली शेजारी ठेवून एकदा पाहिली की पुढे डोळा फसत नाही.

रंगाचंही तसंच. शर्यतीच्या गाडीवर मालकाचं नाव, डीलरचं नाव, गाडीचं टोपणनाव हे सारं पेंटर हाताने रंगवत. गाडी विकली की नवा मालक वरून रंग मारी. दारावर एका कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला तर वरचा रंग उतरत जातो आणि खालच्या थरातून एखाद्या अक्षराचा पाय दिसू लागतो. इथे घाई केली की पुरावाच घासला जातो. म्हणून आधी फोटो, मग पेपर, मग परत फोटो, असा क्रम ठेवावा आणि थरांची नोंद खालून वर नव्हे तर वरून खाली लिहावी, कारण आपण त्याच क्रमाने खोदत असतो.

जुनी छायाचित्रं पुष्कळ मिळतात, मासिकांतली आणि प्रेक्षकांनी काढलेलीही. त्यांचा मोह आवरता येत नाही म्हणून एक सावधगिरी. गाडीच्या काचेवर पांढऱ्या बूट पॉलिशने लिहिलेला नंबर गाडीचा नसतो, चालवणाऱ्याचा असतो. त्याने गाडी बदलली तरी नंबर त्याच्यासोबत जातो. टोपणनावांचं तर विचारूच नका. बिल जेन्किन्स हा या खेळातला थोर माणूस. १९७० मध्ये पोमोनाच्या विंटरनॅशनल्समध्ये 'प्रो स्टॉक' हा नवा वर्ग पहिल्यांदा धावला, तेव्हा तो १९६८ च्या कॅमारोत बसून जिंकला. त्याच्या गाड्यांची नावं 'ग्रम्पीज टॉय', आणि अशा गाड्या त्याने एकामागून एक अनेक केल्या. नुसतं दारावरचं नाव वाचून गाडी ओळखणारा माणूस म्हणजे फक्त आडनावावरून वारस ठरवणारा तलाठी.

त्या प्रो स्टॉक वर्गाने आणखी एक गोष्ट केली. कालची विजेती गाडी एका हंगामात जुनी ठरू लागली. मग इंजिन काढून विकलं जाई, मागची चाकं रुंद बसावीत म्हणून मागचा पत्रा कापला जाई, पिंजरा वेल्ड केला जाई, आणि सांगाडा एखाद्या गावच्या हौशी पोराकडे जाई. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तर सात लिटरच्या इंजिनाकडे लोक ओझं म्हणूनच पाहू लागले. मालकांच्या साखळीतली मोठी भोकं नेमकी याच वर्षांत पडतात. कुणी फसवत नव्हतं. जपून ठेवण्यासारखं काही आपल्याकडे आहे, असं त्यांतल्या कुणाला वाटतच नव्हतं.

याच्या अगदी उलट टोकाला डेट्रॉइटचा 'ब्लॅक घोस्ट' आहे. १९७० ची काळी डॉज चॅलेंजर, हेमी इंजिन. गॉडफ्री क्वाल्स या डेट्रॉइटच्या पोलिसाने ती नवी घेतली. रात्री वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ती येई, शर्यत जिंकून अंधारात नाहीशी होई, असं शहरभर बोललं जाई. चालवणारा स्वतःच पोलीस आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं. २०१५ मध्ये ते वारले, गाडी मुलाकडे आली, २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत दाखल झाली आणि २०२३ च्या लिलावात दहा लाख डॉलरांच्या वर गेली. लिलावापर्यंत या गाडीची मालकी एकाच घरातली, कागदोपत्री पक्की. पण शर्यती? बेकायदा शर्यतीची पावती कोण फाडणार? तिथे सगळा आधार लोकांच्या आठवणींचा. ट्रॅकवर धावलेल्या गाड्यांचं नेमकं उलटं असतं : कोणत्या रविवारी, कोणत्या वर्गात, किती सेकंदांत पाव मैल तोडला याचे छापील निकाल मिळतात, आणि गाडी कुणाच्या नावावर होती तेच कळत नाही. दोन्हीकडे अर्धा कागद, अर्धी बखर. फक्त बाजू बदललेल्या. समोर आलेल्या गाडीची कोणती बाजू बखरीची आहे हे आधी ठरवावं, मग कामाला लागावं.

मालक सापडल्यावरही सगळेच खूश होतात असं नाही. गाडी कधीकाळी चोरीला गेलेली निघाली तर तुमच्या शोधामुळे आजच्या मालकाच्या हातून ती जाऊ शकते, आणि बहुधा शोध घ्यायला त्यानेच सांगितलेलं असतं. हे त्याला काम हाती घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगावं. मधल्या मालकांची नावं छापण्याआधी त्यांची किंवा घरच्यांची परवानगी घ्यावी; नाही म्हटलं तर 'खासगी मालक' एवढंच लिहावं.

राहता राहिला सर्वांत चिवट प्रश्न, इंजिनाचा. झेडएल-१ इंजिनं गाड्यांखेरीज सुटीही विकली जात. त्यामुळे तसं इंजिन असलेली प्रत्येक कॅमारो त्या ६९ पैकी नाही, आणि त्या ६९ पैकी कित्येकींत आज मूळ इंजिन नाही. पत्रा एका राज्यात, इंजिन दुसऱ्या राज्यात, आणि दोघांचेही मालक 'खरी गाडी माझ्याकडे' म्हणतात. माझं मत विचाराल तर गाडी पत्र्याबरोबर जाते, कारण नंबर मुळात पत्र्याला दिलेला असतो. पण हे न मानणारे जाणते लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं पुढे त्यांच्याच शब्दांत दिलेलं आहे. तोवर व्यवहारापुरता नियम असा : एका गाडीच्या नावाखाली दोन याद्या ठेवाव्यात, एक पत्र्याच्या मालकांची, एक इंजिनाच्या मालकांची. आजच्या मालकापासून मागे आणि कारखान्यापासून पुढे, अशा दोन्ही टोकांनी त्या भरत न्याव्यात. मधे जुळलं नाही तर तिथे वर्षं लिहून 'मालक अज्ञात' असा शेरा द्यावा आणि कुणाचंही नाव अंदाजाने घालू नये. पहिल्या प्रकरणात अशी एक जोडयादी आखून दाखवली आहे. तिच्यातल्या तीन जागा अजून रिकाम्या आहेत.