कारतूस साब आणि न झालेला सिनेमा

वाराणसी म्हटलं की लोकांना घाट आठवतात. फौजेतल्या माणसाला मात्र आधी छावणी आठवते, आणि छावणीत ३९ गोरखा ट्रेनिंग सेंटर. तिसऱ्या आणि नवव्या गोरखा रायफल्सचे रिक्रूट इथे घडतात. पहाटे साडेपाचला मी फिरायला निघतो तेव्हा गंगेवरचं धुकं छावणीपर्यंत आलेलं असतं आणि त्यातून बुटांचा आवाज आधी येतो, पोरं नंतर दिसतात. मी स्वतः तोफखान्यातला. गोरखा पलटणीशी माझं नातं शेजाऱ्याचं.

गेल्या १६ डिसेंबरला, विजय दिवसाच्या निमित्ताने, एका मित्राने मला या रिक्रूटांसमोर १९७१ वर अर्धा तास बोलायला सांगितलं. विषय मीच निवडला: मेजर इयान कार्डोझो. माझ्या हातात त्यांच्यावरची चित्रकथा होती. लहानपणी ‘कमांडो’ कॉमिक्स उशीखाली ठेवून झोपलेल्या माझ्यासारख्या माणसाला तिचा मोह पडणारच.

गोष्ट थोडक्यात सांगतो. कार्डोझो मुंबईचे, आमच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे. सुवर्ण आणि रौप्य ही दोन्ही पदकं मिळवणारे पहिले कॅडेट. कमिशन पाचव्या गोरखा रायफल्समध्ये. जवानांच्या जिभेवर ‘कार्डोझो’ बसेना, म्हणून ते ‘कारतूस साब’ झाले. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये ते वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात होते. त्यांची पलटण, ४/५ गोरखा, पूर्वेकडे आटग्रामला लढली. तिथे पलटणीचे उपप्रमुख पडले आणि त्या जागी कार्डोझोंना बोलावणं आलं. ते पोचले तेव्हा पलटण सिलहटवर उतरायच्या तयारीत होती.

७ डिसेंबरला एमआय-४ हेलिकॉप्टरांनी पलटणीला सिलहटजवळ उतरवायला सुरुवात केली. भारतीय सेनेची ही पहिली हेलिकॉप्टर-मोहीम. शहरात शत्रूचं बळ थोडंच उरलंय, असा अंदाज होता. प्रत्यक्षात मौलवीबाजारहून मागे हटलेली ब्रिगेडही तिथेच येऊन बसली होती. अठ्ठेचाळीस तासांत मागची फौज येऊन मिळेल, असं सांगितलं गेलं होतं. तेवढ्यात कोणी आलं नाही. दाणागोटा आणि दारूगोळा आटत असताना ही आटलेली पलटण आठवडाभर टिकून राहिली. कार्डोझो सांगतात की बीबीसीने गोरखा ‘ब्रिगेड’ उतरल्याची बातमी दिली, आणि पलटणीने तो गैरसमज मोडला नाही. आपण ब्रिगेडच आहोत असं दाखवत पांगून बसली. अखेर सहा हजारांहून अधिक सैनिकांनी शरणागती पत्करली.

लढाईच्या अखेरीस कार्डोझोंचा पाय सुरुंगावर पडला. मॉर्फिन नव्हतं, पाय कापायला साधन नव्हतं. त्यांनी आपल्या सहायकाला सांगितलं, खुकुरी काढ आणि काप. तो म्हणाला, साब, माझ्याच्याने नाही होणार. मग त्यांनी स्वतःच कापला आणि त्याला म्हणाले, जा, पुरून ये. पुढे शस्त्रक्रिया केली ती युद्धबंदी असलेल्या पाकिस्तानी सर्जनने, मेजर मोहम्मद बशीर यांनी.

ही गोष्ट मी त्या दिवशी रंगवून सांगितली. जरा जास्तच रंगवली. वर गोळ्या सुटताहेत, शत्रू चालून येतोय आणि मेजर एका हाताने पाय कापताहेत. मेसमध्ये वीस वर्षं ऐकता ऐकता गोष्टीत काय काय चिकटलं होतं, हे माझ्याही ध्यानात राहिलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर एक निवृत्त सुभेदार साहेब जवळ आले. अगदी अदबीने म्हणाले, “साब, गोळ्या तुम्ही वरून घातल्यात. तिची गरज नव्हती.” मी कान धरले.

त्या रात्री मला २०२१ चं ते पोस्टर आठवलं.

१५ ऑक्टोबर २०२१, विजयादशमी. गोरखा पलटणींत दशैंचा सण, शस्त्रपूजेचा दिवस. नेमक्या त्या दिवशी ‘गोरखा’ या चित्रपटाची घोषणा झाली. निर्माते आनंद एल. राय, दिग्दर्शक संजय पूरण सिंह चौहान, आणि कार्डोझोंच्या भूमिकेत अक्षय कुमार. पोस्टरवर हातात खुकुरी. एका निवृत्त गोरखा अधिकाऱ्याने लगेच चूक दाखवली: खुकुरीची धार आतल्या वळणाला असते, बाहेरच्या नाही. ती तलवार नव्हे. अक्षय कुमारने जाहीर आभार मानले आणि काळजी घेऊ म्हणून सांगितलं. हे त्याचं चांगलंच केलं. पुढे मात्र तो बाजूला झाल्याच्या आणि सिनेमा रखडल्याच्या बातम्या आल्या. घटनांच्या तपशिलांबद्दलच्या शंका हे कारण छापून आलं. सिनेमा झाला नाही.

आता निवडीबद्दल. डिसेंबर १९७१ मध्ये कार्डोझो चौतीस वर्षांचे होते. पोस्टर आलं तेव्हा अक्षय कुमार चोपन्न. वीस वर्षांचं अंतर मेकअपने झाकता येईल, पण पलटणीत वयाचा अर्थ वेगळा असतो. चौतिशीचा मेजर म्हणजे बायको-लहान मुलं घरी, पुढची बरीच वर्षं नोकरी समोर. पाय गेला म्हणजे काय गेलं, हे त्या वयातच कळतं. श्रीराम राघवन यांच्या ‘इक्कीस’चं उदाहरण घ्या. अरुण खेत्रपाल यांच्या भूमिकेसाठी आधी वरुण धवनचं नाव जाहीर झालं होतं. पुढे ती अगस्त्य नंदाकडे गेली. एकविसाव्या वर्षी गेलेल्या पोराला कोवळा चेहराच लागतो.

हा घोळ फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. अमेरिकेत ‘सार्जंट रॉक’ नावाचं युद्ध-कॉमिक आहे, रॉबर्ट कॅनिगर आणि जो क्यूबर्ट यांनी १९५९ मध्ये उभं केलेलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढणारा रापलेला अमेरिकन सार्जंट. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यावरच्या सिनेमासाठी नाव पुढे आलं अर्नोल्ड श्वार्झनेगरचं, ज्याच्या बोलण्यातच ऑस्ट्रिया आहे! तो सिनेमा झाला नाही. अलीकडे लुका ग्वादानिनोच्या हाती विषय आला तेव्हा डॅनियल क्रेग आणि मग कॉलिन फॅरेल यांची नावं आली, म्हणजे एक इंग्रज आणि एक आयरिश. तोही थांबला.

मला वाटतं, चित्रकथेतला सैनिक कोणाचाच चेहरा घेऊन येत नाही, म्हणून वाचणारा पोरगा स्वतःला तिथे ठेवू शकतो. नट आला की त्याचे आधीचे सगळे सिनेमेही त्याच्यासोबत येतात. आणि मग गोष्ट त्याच्याभोवती फिरवावी लागते.

सिलहटची गोष्ट एकट्याभोवती फिरत नाही. पलटणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुण भीमराव हरोलीकर, आपले मराठी अधिकारी. त्यांना महावीर चक्र मिळालं. वेढल्या गेलेल्या पलटणीला आठवडाभर न डगमगता धरून ठेवणं हे नेतृत्व पोस्टरवर मावत नाही. मराठी घरांतही त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? मग तो पाकिस्तानी सर्जन. आणि तो सहायक.

पोस्टरवरची खुकुरी शत्रूसाठी उगारलेली होती. गोष्टीतली खुकुरी शत्रूवर चालत नाही. ती एकाने चालवायला नकार दिलेली आणि दुसऱ्याने स्वतःवर चालवलेली आहे. धार कुठल्या बाजूला, याहून मोठी चूक मला ही वाटते. चुकीची खुकुरी बदलता आली असती. नायक आणि खुकुरी यांचं नातं बदलायला अख्खी पटकथा बदलावी लागली असती.

शिवाय खरी लढाई पुढेच होती. लाकडी पायावर कार्डोझोंनी आपण सक्षम आहोत हे सिद्ध केलं, आणि पायदळ पलटणीचं नेतृत्व करणारे ते पहिले युद्ध-अपंग अधिकारी ठरले. पुढे ब्रिगेडही सांभाळली, मेजर जनरल झाले. या वर्षांत बंदुका नाहीत. फक्त वैद्यकीय मंडळं, अर्ज आणि सकाळी इतरांच्या आधी उठून केलेला सराव.

सिनेमा यायला हवा होता असं मला अजूनही वाटतं. २०२० पासून नेपाळमधून भरती झालेली नाही. इथल्या मैदानावर आता दिसणारी पोरं भारतातल्याच गोरखा वस्त्यांतली. ‘कारतूस साब’ म्हणणारी ती पिढी पेन्शनीत गेली. गोष्ट कोणीतरी सांगायला हवी, आणि नीट सांगायला हवी.

त्या दिवशी भाषणानंतर एका रिक्रूटाने हात वर केला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा, दार्जिलिंगकडचा. त्याने विचारलं, “साब, सहायकाने हुकूम मोडला. त्याला सजा झाली का?”

सगळे हसले. मी हसलो नाही. म्हणालो, “बेटा, आपल्या साहेबावर खुकुरी न उचलणं हा गुन्हा कुठल्याच पलटणीत नाही.”

सुभेदार साहेबांनी मान हलवली. या वेळी मी काही वरून घातलं नव्हतं.