देवीच्या डोंगरावरचं चित्रघर

औंधला जायचं ठरवलं की पहिला घोटाळा नावाचा होतो. फोनवरच्या नकाशात ‘औंध’ टाकावं, तर तो सरळ पुण्याच्या विद्यापीठापलीकडे, कॉफीची दुकानं आणि सिग्नलवरच्या गर्दीत नेऊन सोडतो. हेन्री मूरचं शिल्प आणि राजा रविवर्म्याची ‘सैरंध्री’ ज्या औंधात आहे, ते सातारा जिल्ह्यातलं. खटाव तालुक्यातलं, कमी पावसाच्या माणदेशी मुलखाला लागून असलेलं, यमाईदेवीचं औंध. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे चाळीसेक किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्याने पुणे–मिरज मार्गावर रहिमतपूरला उतरावं आणि पुढे एसटी किंवा मिळेल ते वाहन धरावं.

दुसरा घोटाळा दिवसाचा. ही चित्रं-शिल्पं ज्या संग्रहालयात आहेत ते सरकारी आहे, त्यामुळे सोमवारी आणि सरकारी सुट्टीला दार बंद असण्याची शक्यता धरून आधी चौकशी केलेली बरी. पण औंधला सरकारी कॅलेंडरइतकंच देवीचं पंचांगही पाहावं लागतं. नवरात्रात आणि पौषातल्या यात्रेत डोंगराची वाट माणसांनी भरून जाते. चित्रं निवांत पाहायची असतील, तर ते दिवस टाळावेत. आणि संग्रहालय मुळात कोणासाठी उभं राहिलं ते पाहायचं असेल, तर नेमके तेच दिवस धरावेत.

कारण ही इमारत बाजारपेठेत नाही, राजवाड्यातही नाही. यमाईचं मूळपीठ डोंगराच्या माथ्यावर आहे आणि तिथे चढून जाणाऱ्या वाटेवर, मध्येच, हे संग्रहालय लागतं. देवीला निघालेला शेतकरी, त्याच्या कडेवरचं पोर, ओटी घेतलेली बायको, सगळी या दारावरूनच वर जातात. चित्रं पाहायला मुद्दाम कोण येणार, हा प्रश्न जागेनेच सोडवला आहे.

जागा निवडणाऱ्याचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. प्रतिनिधिपद राजाराम महाराजांनी जिंजीच्या धामधुमीत निर्माण केलं, अष्टप्रधानांच्याही वरचं. पुढे ते किन्हईच्या परशुराम त्रिंबकांच्या घराण्यात स्थिरावलं आणि त्यातून औंध संस्थान उरलं. क्षेत्रफळ जेमतेम पाचशे चौरस मैल, तेही सलग नाही. आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे, मध्ये इतरांचा मुलूख. बडोदा किंवा ग्वाल्हेरच्या शेजारी ठेवलं तर नकाशावर शाईचे चार ठिपके. १८६८ साली जन्मलेले बाळासाहेब १९०९ मध्ये गादीवर आले, तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती आणि हातात कुंचला बराच आधीपासून होता.

राजाने चित्रं विकत घेणं नवलाचं नाही. हा राजा स्वतः चित्रं काढत होता, कीर्तनं करत होता आणि पहाटे सूर्यनमस्कार घालत होता. नमस्कारांचा ध्यास एवढा, की लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्याकडून ऐकून इंग्रजीत त्यावर पुस्तकच सिद्ध केलं. ते १९३८ मध्ये निघालं. रामायण चित्रांतून सांगणारं त्यांचं ‘चित्ररामायण’ त्याआधीचं, १९१६ चं. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिच्यामागेही हेच औंधकर होते. त्यांनी लाख रुपये देऊ केले, वर आवृत्तीसाठी चित्रंही स्वतः काढली. आवृत्ती पुरी व्हायला १९६६ उजाडलं. देणगीदार त्याआधी पंधरा वर्षं वारले होते. एवढ्याशा संस्थानाच्या तिजोरीला लाखाचा आकडा हलका नव्हता.

दरबारात चित्रकारही पदरी होते. त्यात सर्वांत विलक्षण माणूस श्रीपाद दामोदर सातवळेकर. लोकांना ते वेदांचे भाष्यकार म्हणून ठाऊक, पण शिक्षण झालं होतं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. इंग्रज सरकारचा रोष पत्करून, गावोगाव फिरून ते १९१८ मध्ये औंधला आले आणि तीस वर्षं राहिले. वेदाभ्यासासाठी त्यांनी काढलेलं स्वाध्याय मंडळ इथलंच. औंधसारख्या खेड्यात एकाच माणसाकडून वेदाचा अर्थ आणि तैलरंगाची घडण दोन्ही कळत असे.

संग्रहालयात शिरल्यावर बहुतेक जण दोन गोष्टी शोधतात. एक रविवर्मा, दुसरा मूर. ‘सैरंध्री’समोर थांबावंच. अज्ञातवासातली द्रौपदी, विराटाच्या घरी दासी झालेली, राणीच्या हुकुमाने कीचकाकडे जायला निघते तो प्रसंग. महाभारत ऐकून वाढलेल्या यात्रेकरूला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. भित्र्या पावलांची ती बाई कुठे निघाली आहे, हे त्याला आपल्याहून आधी कळतं. मूरच्या ‘माता आणि बालक’चं गणित उलटं. त्यात गोष्ट नाही, दागिना नाही, नुसत्या गोलाव्यांनी एकमेकांना धरलेलं आहे. शेंदूर लावलेल्या तांदळ्यासमोर हात जोडणाऱ्याला असा आकार परका वाटत नसावा, हा आपला अंदाज. विसाव्या शतकातला इंग्रज शिल्पकार खटाव तालुक्यात पाहायला मिळतो, या नवलाईतच पुष्कळांचा वेळ संपतो.

आणि मग पाहायच्या राहून जातात त्या नकला. युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या हाताने केलेल्या प्रती इथे आहेत. जाणकार त्यांच्यापुढून मान न वळवता जातात. नक्कल म्हणजे कमअस्सल, असं आपण धरून चाललो आहोत. रंगीत छपाई महाग, प्रवास त्याहून महाग, अशा काळात साताऱ्याच्या मुलाने परदेशातलं चित्र पाहायचं कसं? उत्तर एकच: कोणीतरी ते पुन्हा काढायचं.

नकलेची किंमत अजिंठ्यावरून कळते. तिथे सूर्यप्रकाश आरशांनी गुहेत फिरवून काम करावं लागे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या. मग जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन गेले. त्यांच्या कामाचाही मोठा भाग १८८५ च्या आगीत, लंडनमध्येच गेला. एवढ्यानंतरही बाळासाहेब चित्रकार घेऊन अजिंठ्याला गेले, नकला करवून घेतल्या आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर सचित्र पुस्तक काढलं. मूळ भिंतीवरचा रंग दर पावसाळ्यात थोडा सुटतोच आहे. अशा वेळी कागदावर उतरवलेली रेषा हाच कधीकधी एकमेव साक्षीदार उरतो.

संग्रहालय उभं राहिलं १९३८ मध्ये. हे साल औंधच्या इतिहासात आणखी एका गोष्टीने भरलेलं आहे. बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेला देण्याचं त्याच वर्षी जाहीर केलं. मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा इंजिनियर, बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पा पंत आणि गांधीजी यांच्या खलबतांतून औंधची राज्यघटना घडली. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. गावपंचायत हा तिचा पाया. मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह. त्यासाठी गावोगाव अक्षरओळख सुरू झाली. एका हाताने राजा सही करून अधिकार सोडत होता, दुसऱ्या हाताने आपली चित्रं राजवाड्याबाहेर डोंगरावर नेत होता. या दोन कामांना वेगवेगळ्या कप्प्यांत टाकणं अवघड जातं.

वेळ उरला तर आटपाडीकडे जावं. त्याच भागात १९३९ मध्ये स्वतंत्रपूर वसलं: भिंती नसलेला तुरुंग, जिथे कैदी शेती करत. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’चं मूळ इथलं. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर याच मुलखातले, औंधच्या शाळेत शिकलेले. कुंडलजवळच्या ज्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखाना थाटला, ती जमीनही याच राजाची.

संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, चित्रं पुढे सरकारकडे आली. इमारतीतून बाहेर पडलं की वाट दोन्हीकडे जाते. वर मूळपीठ, खाली गाव. गावातल्या यमाईच्या देवळापुढे उंचच उंच दगडी दीपमाळ आहे; ती नीट पाहायची, तर डोंगर उतरून तिच्या पायाशी मान वर करून उभं राहावं लागतं. पोटापाण्याची सोय मात्र आधी पाहून ठेवावी. डबा सोबत असला, तर काळजीच नाही.