गोल बाजार आणि खारून

रायपूरच्या गोल बाजारात शिरताना नदीची आठवण व्हावी असे वरकरणी काहीच कारण नाही. हळद-कुंकू, कापूर, लग्नाचे मौर, सुकलेल्या वनौषधींचे ढीग आणि किराण्याची पोती यांतून वाट काढणाऱ्यास खारून कोणत्या दिशेस वाहते, हेही बहुधा ठाऊक नसते. तथापि या बाजारपेठेचे नशीब राजवटींपेक्षा पाण्याशी आणि धान्याशी अधिक जखडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

जुने रायपूर आजच्या शहराच्या नैर्ऋत्येस, थेट खारूनच्या काठापर्यंत पसरले होते, असे जुनी गॅझेटिअरे सांगतात. महादेवघाटावरील हाटकेश्वराचे मंदिर कलचुरी राजा ब्रह्मदेव याच्या काळी, पंधराव्या शतकाच्या आरंभी, नायक हाजिराज याने बांधविले. पुढे भुवनेश्वरसिंहाने १४६० मध्ये किल्ला उभारला, बूढा तलाव झाला, आणि वस्ती नदी सोडून तळ्यांच्या आश्रयास आली. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत बिंबाजीराजांनी येथे रामचंद्राचे मंदिर बांधले. त्याचा आम्हांस अभिमान आहेच. परंतु बिंबाजींच्या पश्चात, १७८७ पासून १८१८ पर्यंत, सुभेदारांच्या कारभारात वसुलीचा जो काच रयतेस सोसावा लागला, तोही आमच्याच इतिहासातील आहे. तो झाकून ठेवण्यात स्वारस्य नाही. १८१८ मध्ये कर्नल अॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास हलविले, तेव्हापासून या पेठेस महत्त्व चढले.

बाजारापासून थोड्या पावलांवर जयस्तंभ चौक आहे. १८५६ च्या अवर्षणात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या एका व्यापाऱ्याचे कोठार उघडून भुकेल्यांस धान्य वाटले. त्यासाठी ते कैद झाले. पुढे तुरुंगातून निसटून त्यांनी इंग्रजांशी सामना दिला, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना मृत्युदंड देण्यात आला. ते स्थळ हाच चौक, अशी लोकांची श्रद्धा आहे. कोठारातले धान्य कोणाचे, हा प्रश्न या शहराच्या मध्यभागी असा कायमचा उभा आहे.

तीस वर्षांनी तो पुन्हा उभा राहिला. १८८८ मध्ये मोठी रेल्वे रायपुरास आली आणि येथील धान्याच्या व्यापारास एकाएकी भरती आली. पूर्वी गावोगावच्या कोठ्यांत राहणारे शिलकी भात परमुलखी जाऊ लागले. पेठ सजली; खेडी मात्र रिती झाली. छत्तीसगड हा भातावर विसंबलेला मुलूख. पावसाने पाठ फिरविली की दुसरा आधार नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा लागोपाठच्या दोन दुष्काळांनी हा मुलूख होरपळून निघाला.

सावरणे मात्र याच वर्षांत सुरू झाले होते. राजनांदगावचे राजे बलरामदास यांनी दोन लाख रुपये दिले आणि १८९२ मध्ये खारूनचे पाणी नळाने शहरात आले. ज्या नदीस वस्तीने सोडले होते, तीच तिच्या दारी आली. १९०० मध्ये धमतरीपर्यंत लहान रेल्वे धावू लागली. (तिच्या शहरातील रुळांच्या जागी आता द्रुतगती मार्ग झाला आहे; ती झुकझुक ऐकलेली मंडळी आपल्यात अजून आहेत.) त्याच वर्षी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर, आणि प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी! लाख्यांचे मोठे कार्य पुढेच आहे. दुष्काळात शेतकरी केवळ उपाशी राहत नाही, तो सावकाराकडे बियाणेही गहाण टाकतो, ही गोष्ट ओळखून त्यांनी १९१३ मध्ये रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक स्थापिली. कोणाचे कोठार न फोडता धान्याचा प्रश्न सोडविण्याचा तो एक मार्ग होता. वसुलीसाठी आलेल्यांच्या भाषेतील एक माणूस पतपुरवठ्यासाठी उभा राहिला, हे आम्हांस विशेष वाटते.

त्यानंतर पाण्याची कामे झाली. महानदीचे कालवे निघाले, १९२३ मध्ये मुरूमसिल्लीचे धरण पुरे झाले, आणि भाताची शेते केवळ आभाळाकडे पाहत राहिली नाहीत. गोल बाजारात आज जो गजबजाट दिसतो, त्यामागे या कालव्यांचा हात मोठा आहे. शहर मात्र इतके वाढले की एकट्या खारूनवर त्याची तहान भागत नाही. उन्हाळ्यात महानदीवरील गंगरेल धरणाचे पाणी कालव्याने भाटागावच्या बंधाऱ्यापर्यंत आणतात, आणि तेथून ते नळांवाटे आपल्या घरी येते.