चौकटीची गोधडी : चिंध्यांतून उभे राहणारे घर

महाल (नागपूर) : महालातील जुन्या घरांच्या माडीवर एखादी पत्र्याची पेटी हमखास सापडते. नेसून विरलेली पातळे, धोतरांचे अर्धे तुकडे, ब्लाऊजपिसांची उरलेली टोके, मुलांची आखूड झालेली झबली असा ऐवज तिच्यात घडी घालून ठेवलेला असतो. कधीतरी गोधडी शिवायची, हा त्यामागचा संकल्प. बहुतेक पेट्यांतील संकल्प मात्र पेटीतच राहतो. मग एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात येते आणि तीन पिढ्यांची वस्त्रे एका स्टीलच्या डब्याच्या मोबदल्यात घराबाहेर पडतात.

गोधडी शिवण्याची हौस संपली, असे याचे सरसकट कारण देता येणार नाही. अडचण आहे ती जागेची, वेळेची आणि कापडाची. यांपैकी पहिल्या दोन अडचणींवर 'लॉग केबिन' या नावाने जगभर ओळखली जाणारी चौकटीची पद्धत हा चांगला तोडगा आहे. तिसऱ्या अडचणीवर तोडगा काढणे तितकेसे सोपे नाही.

महाराष्ट्रात या वस्तूला बहुतेक ठिकाणी गोधडी, तर काही भागांत वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवलेली छोटी आवृत्ती म्हणजे दुपटे. कर्नाटकाच्या सीमेकडे जावे तशी तिची कौदी होते. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंधची रल्ली या तिच्याच बहिणी. फाळणीनंतर नागपुरात जरीपटक्याला आलेली सिंधी कुटुंबे ज्या प्रांतातून आली, तेथे ठिगळांची रल्ली घरोघरी शिवली जाई. संस्कृतात जिला कंथा म्हटले गेले, ती विरक्तांची खूण होती. बौद्ध भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडूनच शिवले जाते. मगधातील बांधबंदिस्तीच्या शेतांसारखी त्याची आखणी करण्यास बुद्धांनी आनंदाला सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. विदर्भाला तर वेगळे उदाहरण शोधण्याची गरजच नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांना त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रांमुळे लोक 'गोधडे महाराज' म्हणूनही ओळखत. गरिबी, वैराग्य आणि माया या तिन्हींना एकाच वेळी चिकटलेली दुसरी वस्तू मराठी घरात क्वचितच असेल.

नागपूरच्या हवेत गोधडीला बारमाही काम असे. हिवाळ्यात येथे कडाका पडतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायला तीच आणि मध्यरात्रीनंतर कूलरची ओली हवा बोचू लागली की पायांवर ओढायलाही तीच. कापूस भरलेली रजई एप्रिलमध्ये अंगावर घेता येत नाही, गोधडी घेता येते. तिच्यात कापूस नसतोच. जुन्या सुती कापडाचे तीन-चार थर एकमेकांवर पसरून ते धावदोऱ्याने एकजीव केलेले असतात.

या थरांसाठी शहरात कापडाची वाण नव्हती. भोसल्यांच्या राजधानीत विणकरांची मोठी वस्ती होती. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. महालापासून हाकेच्या अंतरावरील गांधीबाग आणि इतवारी ही कापडाच्या घाऊक व्यापाराची ठिकाणे बनली. सुती लुगडे नेसावे, ते मऊ पडले की त्याची गोधडी करावी आणि गोधडीही फाटली की तिचे पायपुसणे करावे, हा क्रम कोणी शिकवावा लागत नसे. एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांच्या हातून गेली आणि २००२ मध्ये कायमची थांबली. तोवर रोजच्या वापरातील सुती पातळाची जागा कृत्रिम धाग्यांच्या साडीने केव्हाच घेतली होती.

पारंपरिक गोधडीला जमीन लागते. पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब गोधडी घालायची, तर तेवढी फरशी चार-सहा दिवस मोकळी असावी लागते, शिवाय चहूबाजूंनी बसायला जागा हवी. वाड्याच्या ओसरीवर किंवा चौकात हे सहज होत असे. दुपारची कामे आटोपली की शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसत आणि कडेपासून मध्याकडे टाके सरकत जात. वाडे पाडून तेथे सदनिका उभ्या राहिल्या, तेव्हा ओसरी गेली. दोन खोल्यांच्या घरात चार दिवस फरशी अडवून कोणी बसू शकत नाही. गोधडी मागे पडण्याचे हे कारण क्वचितच सांगितले जाते. पण ते सर्वांत खरे असावे.

चौकटीच्या पद्धतीत संपूर्ण गोधडी एकदम पसरावी लागत नाही. दहा इंचांचा एक चौकोन मांडीवर शिवावा, डब्यात ठेवावा आणि सवड होईल तेव्हा दुसरा घ्यावा. मधोमध एक छोटा चौरस, त्याच्याभोवती एकामागून एक लावलेल्या अरुंद पट्ट्या, इतकीच तिची रचना. ओंडक्यावर ओंडका रचून अमेरिकेतील वसाहतकारांनी जी लाकडी घरे बांधली, त्यांच्यावरून तिला 'लॉग केबिन' हे नाव मिळाले. तिकडे १८६० च्या दशकापासून हा नमुना लोकप्रिय झाला. मधला चौरस बहुधा लाल ठेवतात. तो घरातील चुलीचे प्रतीक मानला जातो. एका बाजूच्या फिकट पट्ट्या म्हणजे उजेड आणि दुसऱ्या बाजूच्या गडद पट्ट्या म्हणजे सावली. आपल्याकडील अनेक गोधड्यांत टाके एकात एक बसणाऱ्या चौकटींसारखे घातलेले असतात. तेथे चौकट दोऱ्याची असते, येथे ती कापडाची होते, एवढाच फरक.

याच कल्पनेचे अत्यंत देखणे रूप अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या खेड्यात पाहायला मिळते. गुलामांच्या वंशज असलेल्या तेथील स्त्रियांनी शेतात वापरून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. चौकटीच्या नमुन्याला त्या 'हाऊसटॉप', म्हणजे घराचे छप्पर म्हणतात. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये पतीच्या निधनानंतर त्यांच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी केली. थोरल्यांच्या जुन्या लुगड्याचे दुपटे नातवंडाला घालणाऱ्या मराठी घराला यात परके काही वाटू नये. १९६६ मध्ये त्या भागातील स्त्रियांची सहकारी संस्था स्थापन झाली, २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील संग्रहालयांत या गोधड्या मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटेही निघाली. आपल्या शेजारीही एक उदाहरण आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रिया कवंदी शिवतात, ती कडेपासून मध्याकडे फिरत जाते आणि तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी 'फूल' लावल्याखेरीज ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत. महाराष्ट्रातील गोधड्यांची अशी दखल उशिराच घेतली गेली. गीता खंडेलवाल यांनी त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण घरात पायाशी पडलेली वस्तू संग्रहालयाच्या भिंतीवर टांगण्याजोगी आहे, हे मानायला आपण अजूनही पुरते तयार नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. मधला चौरस अडीच इंचांचा आणि पट्ट्या दीड इंच रुंदीच्या कापाव्यात. प्रत्येक शिवणीत पाव इंच कापड जाते, त्यामुळे चौरस दोन इंचांचा आणि पट्टी एक इंचाची दिसते. पहिली पट्टी चौरसाच्या एका बाजूला शिवावी, उलटून इस्त्री किंवा नखाने दाबून घ्यावी. दुसरी पट्टी चौरस आणि पहिली पट्टी या दोहोंच्या मिळून होणाऱ्या बाजूला लागते. असे एकाच दिशेने फिरत जावे. पहिल्या दोन पट्ट्या फिकट, नंतरच्या दोन गडद. चार फेरे झाले की दहा इंचांचा चौकोन तयार होतो. कापड फार विरलेले असेल, तर खाली जुन्या धोतराचा तुकडा अस्तर म्हणून घ्यावा आणि पट्ट्या त्याच्यावरच शिवाव्यात. आकार बिघडत नाही आणि विरलेल्या कापडाला आधार मिळतो.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे लांब पट्टी घेऊन ती अंदाजाने शिवत जाणे आणि उरलेले टोक शेवटी कापणे. सुती कापड ताणले जाते, दर फेऱ्याला थोडी जादा लांबी आत शिरते आणि चौथ्या फेऱ्यापर्यंत चौकोनाच्या कडा पापडासारख्या वर उचलल्या जातात. म्हणून पट्टी आधी मोजून कापावी. पट्ट्या उभ्या धाग्याच्या दिशेने काढाव्यात; तिरक्या कापल्यास त्या ताणत जातात.

साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब गोधडीला असे ५४ चौकोन लागतात. एका चौकोनात १६ पट्ट्या, म्हणजे एकूण ८६४ आणि त्यांची लांबी सुमारे १४३ मीटर. हा आकडा ऐकून दडपण येईल. पण एका नऊवारी लुगड्याच्या उभ्या पट्ट्या काढल्या, तर यापेक्षा कितीतरी जास्त लांबी निघते. प्रश्न कापडाच्या मापाचा नसतो, विविधतेचा असतो. चिंध्यांच्या गोधडीची मौजच ही, की शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकाच वस्त्राच्या नसाव्यात. रोज एक चौकोन झाला, तरी दोन महिन्यांच्या आत वरचा पदर तयार होतो.

रंग जुळवण्याच्या भानगडीत पडू नये, कारण येथे रंगापेक्षा छटा महत्त्वाची. कापडांचे फिकट आणि गडद असे दोन ढीग करावेत. शंका येईल ते कापड मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढून पाहावे, निर्णय लगेच होतो. वरील क्रमाने शिवल्यास चौकोनाच्या १०० चौरस इंचांपैकी ५२ गडद, ४४ फिकट आणि चार मधल्या चौरसाचे होतात. ज्या छटेने फेरा संपतो ती थोडी वरचढ ठरते, हे लक्षात ठेवून सुरुवात करावी. चौकोन कसे मांडावेत यावर चित्र ठरते. सगळे एकाच दिशेने तिरके लावले, तर नांगरलेल्या शेताचे तास दिसतात. फिरवून लावले, तर एकात एक पतंग. एका दुपारी सगळे चौकोन पलंगावर मांडून घरातल्या सर्वांना फिरवू द्यावेत. वाद होतात, पण मांडणी चांगली निघते.

जोडणी आपल्या पद्धतीने करावी, हे उत्तम. अमेरिकेतही या नमुन्याच्या अनेक गोधड्यांत कापूस घालत नसत, कारण शिवणी आणि अस्तर यांनीच पुरेशी जाडी येते. नागपूरच्या हवेला हे मानवते. खाली एक मोठे सुती पातळ, गरज वाटल्यास मध्ये आणखी एक थर आणि वर चौकोनांचा पदर. हे तिन्ही मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यावे. त्यानंतर जाड सुती दोऱ्याने धावदोरा घालत कडेपासून मध्याकडे यावे. फरशी लागते ती फक्त टाचण्यापुरती, एका दुपारची. पुढचे काम खुर्चीत बसून होते.

आता कापडाची अडचण. आजच्या घरात निघणारे जुने कपडे बहुतेक टी-शर्ट, लेगिंग, पॉलिस्टर साड्या आणि मिश्र धाग्याचे शर्ट या प्रकारचे असतात. विणीचे ताणले जाणारे कापड आणि सुती कापड एका चौकोनात आले की दोन धुण्यांत तो वाकडा होतो. पॉलिस्टर घाम टिपत नाही, इस्त्रीखाली आकसते आणि अंगावर घसरते. म्हणून शिंप्याकडील कात्रण तपासून घ्यावे. धागा काढून जाळून पाहणे ही जुनी खूण अजून उपयोगी आहे. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. कापड शिवण्याआधी एकदा गरम पाण्यातून काढावे. लाल आणि गर्द निळ्या कापडाचा ओला तुकडा पांढऱ्या फडक्यावर दाबून ठेवावा. रंग उतरत असेल, तर त्या कापडाचा मोह सोडावा. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो हा समज घरोघरी आहे, पण त्यावर विसंबून ५४ चौकोन पणाला लावू नयेत.

गोधडी पैसे देऊन शिवून घेणारी घरे अजून आहेत आणि घरगुती मिळकत म्हणून ती शिवणाऱ्या स्त्रियाही. व्यवहार मात्र बहुधा नगाप्रमाणे ठरतो. कापड ग्राहकाचे, म्हणून किंमत फक्त कष्टाची, आणि बाजारात पानिपतचे तयार ब्लँकेट कमी पैशांत मिळत असल्याने त्या कष्टाचीही घासाघीस होते. चौकटीच्या गोधडीत ८६४ पट्ट्या कापणे, शिवणे, दाबणे आणि नंतर सगळा धावदोरा असतो. असे काम कोणाला सांगताना चौकोनामागे मजुरी ठरवावी. मोजणी सोपी होते आणि करणारीच्या वेळेचा हिशेब समोर राहतो. डोळ्यांवर ताण येतो तो गडद कापडावर गडद दोऱ्याने शिवताना, म्हणून ते काम दिवसाच्या उजेडातच घ्यावे.

तयार गोधडी पहिल्यांदा एकटीच धुवावी, पिळू नये. दोघांनी चार टोके धरून पाणी निथळू द्यावे आणि उलट बाजू वर करून वाळत घालावी. महालातल्या मे महिन्याच्या उन्हात ती दोन तासांत कोरडी होते. त्याहून जास्त वेळ ठेवल्यास रंग विटतात. मागच्या पातळाच्या एका कोपऱ्यात शिवणारीचे नाव आणि वर्ष दोऱ्याने घालावे. जुन्या गोधड्यांवर ते जवळजवळ कधीच आढळत नाही.