विलायत : एका शब्दाचा वाद

दोन भाषांचा कोश उघडला कीं डावीकडे एक शब्द आणि उजवीकडे त्याचा प्रतिशब्द अशी मांडणी दिसते. ती पाहून वाचकाची अशी समजूत होते कीं, एका भाषेंतील नाणें देऊन दुसऱ्या भाषेंतील तेवढ्याच मोलाचें नाणें घेतां येतें. नित्याच्या व्यवहारांत या समजुतीनें फारसें बिघडत नाहीं. परंतु जेथें राज्यांच्या सीमा ठरावयाच्या असतात, तेथें एका शब्दाचे दोन अर्थ म्हणजे दोन निरनिराळे नकाशे होतात. इंग्रजींतील ‘डिस्ट्रिक्ट’ आणि अरबींतील ‘विलायत’ या दोन शब्दांची गांठ १९१५ सालीं कैरो शहरीं पडली. तिची हकीकत या दृष्टीनें मननीय आहे.

‘विलायत’ हा शब्द मराठीला परका नाहीं. मूळ अरबी धातूचा अर्थ जवळ असणें, सांभाळ करणें, सत्ता चालविणें असा आहे. ईश्वराच्या जवळचा तो ‘वली’, आणि कारभार पाहणाराही ‘वली’च. त्यावरून ‘विलायत’ म्हणजे सत्ता, आणि सत्ता जेथवर चालते तो मुलूखही विलायतच. फारशीच्या वाटेनें हा शब्द हिंदुस्थानांत आला, तेव्हां त्याला परमुलखाचा अर्थ चिकटला. प्रथम इराण-तुराणकडील प्रदेश, मग युरोप, आणि शेवटीं केवळ इंग्लंड. बॅरिस्टर होण्यासाठीं तरुण विलायतेस जाऊं लागले आणि अंगणांत विलायती चिंच उभी राहिली. हिंदुस्थानांतील गोऱ्या शिपायांनीं हाच ‘विलायती’ शब्द उचलून ‘ब्लायटी’ असा उच्चारला व आपल्या मायभूमीला तें नांव दिलें. ज्या शब्दाचा अर्थ मुंबई बंदरांत इंग्लंड असा होत असे, त्याचा अर्थ इस्तंबूलच्या दफ्तरांत तुर्की साम्राज्याचा एक प्रांत असा होता.

या दफ्तरी अर्थाला कायद्याचें पाठबळ होतें. १८६४ च्या कायद्यानें तुर्की सरकारनें आपल्या राज्याची नवी रचना आरंभिली. सर्वांत मोठा विभाग विलायत. त्यावर वाली नेमलेला. विलायतेच्या पोटांत संजक, संजकाच्या पोटांत कझा, आणि त्याखालीं नाहिया. विसाव्या शतकाच्या आरंभीं सीरियाच्या बाजूस हलबची, बेरूटची आणि सीरियाची अशा तीन विलायती होत्या. सीरियाच्या विलायतेचें मुख्य ठाणें दमास्कस. ही विलायत दक्षिणेकडे दूर अकाबाच्या आखाताच्या बाजूस जाऊन पोहोंचे. जेरुसलेमचा संजक कोणत्याही विलायतेंत नसून त्याचा संबंध थेट इस्तंबूलशीं होता. होम्स व हमा हीं दोन्ही नगरें सीरियाच्या विलायतेंतच मोडत. त्यांची स्वतःची विलायत नव्हती.

मात्र ही झाली कायद्याची भाषा. सामान्य अरबी बोलण्यांत ‘विलायत’ म्हणजे एखाद्या शहराच्या सत्तेखालचा आसपासचा मुलूख असाही अर्थ होई. मराठींत ‘इलाखा’ या शब्दाचें असेंच आहे. तोही मूळचा अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ संबंध. ‘मुंबई इलाखा’ म्हटलें म्हणजे सिंधपासून कानड्यापर्यंत पसरलेला एक विशाल प्रांत डोळ्यांपुढें येई. पण ‘हें गांव अमक्या ठाण्याच्या इलाख्यांत येतें’ असें म्हटलें तर चार कोसांचा टापू एवढाच बोध होई.

इंग्रजी ‘डिस्ट्रिक्ट’ची जातकुळी फारशी निराळी नाहीं. मध्ययुगीन लॅटिनमध्यें त्याचा संबंध जरब बसविणें, हुकमत चालविणें या अर्थाशीं होता. सरदाराची हुकमत चाले तेवढा प्रदेश तो डिस्ट्रिक्ट. पुढें अर्थ सैल झाला आणि कोणत्याही टापूला हा शब्द लागूं लागला. वर्डस्वर्थच्या कवितेमुळें प्रसिद्धीस आलेला ‘लेक डिस्ट्रिक्ट’ हा कांहीं कलेक्टरचा जिल्हा नव्हे. तो सरोवरांचा प्रदेश. हिंदुस्थानांत मात्र त्याच शब्दाला कलेक्टर, कचेरी आणि आंखीव सीमा चिकटल्या व तो ‘जिल्हा’ झाला. गंमत अशी कीं ‘जिल्हा’ हाही अरबीच शब्द, आणि अरबींत त्याचा मूळ अर्थ बरगडी किंवा बाजू!

आतां मूळ प्रसंगाकडे वळावयाचें. १९१४ च्या अखेरीस तुर्कस्थान जर्मनीच्या बाजूनें महायुद्धांत उतरलें. तुर्की साम्राज्यांतील अरबांनीं उठाव करावा अशी इंग्रजांची इच्छा होती, आणि मक्केचे शरीफ हुसेन इब्न अली यांना उठावाचें मोल म्हणून अरबांचें स्वतंत्र राज्य हवें होतें. १९१५ च्या जुलैपासून १९१६ च्या मार्चपर्यंत हुसेन आणि ईजिप्तमधील ब्रिटिश हायकमिशनर सर हेन्री मॅकमहॉन यांच्यामध्यें दहा पत्रांची देवघेव झाली. मॅकमहॉन यांची बहुतेक नोकरी हिंदुस्थान सरकारकडे झालेली होती. सिमल्याच्या परिषदेंत तिबेटची सीमा आंखणारे ते हेच. ती रेषा त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

हुसेन यांची मागणी मोठी होती. उत्तरेस मर्सिना व अदाना, पूर्वेस इराणची हद्द, दक्षिणेस एडन वगळून हिंदी महासागर, आणि पश्चिमेस तांबडा समुद्र व भूमध्य समुद्र, एवढ्या चौकटींतील मुलूख त्यांनीं मागितला. २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रानें मॅकमहॉन यांनीं ही मागणी कांहीं भाग वगळून मान्य केली. वगळलेला भाग असा : मर्सिना आणि अलेक्झांड्रेटा हे दोन डिस्ट्रिक्ट, तसेंच दमास्कस, होम्स, हमा आणि हलब या डिस्ट्रिक्टांच्या पश्चिमेस असलेले सीरियाचे भाग, कारण हे भाग निव्वळ अरबांचे म्हणतां येत नाहींत. शिवाय फ्रान्स या मित्राच्या हितसंबंधांना बाध न येतां जेथें इंग्लंडला मोकळेपणानें वागतां येईल, तेवढ्याच मुलखाला हें वचन लागू, असेंही पत्रांत होतें.

पत्र लिहिलें गेलें इंग्रजींत. मक्केला पोहोंचलें अरबींत. तेथील पत्रव्यवहाराची अरबी रोनाल्ड स्टॉर्स यांच्या हाताखालचे रूही नांवाचे गृहस्थ तयार करीत. स्टॉर्स यांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणींत स्वच्छ कबूल केलें आहे कीं, रूही यांचें अरबीचें ज्ञान बरें होतें, पण सखोल नव्हतें; आणि तें काम ते स्वतः पुष्कळदां घाईगर्दींत तपासून पाहत. या अरबी पत्रांत ‘डिस्ट्रिक्ट’च्या जागीं ‘विलायत’ हा शब्द बसला.

हा शब्द कायद्याच्या अर्थानें घ्यावा कीं बोलीच्या, याचा खुलासा पत्रांत कोठेंही नव्हता. ५ नोव्हेंबरच्या उत्तरांत हुसेन यांनीं मर्सिना व अदाना या ‘विलायती’ सोडून दिल्या. पण हलब व बेरूट या विलायती शुद्ध अरबी असल्याचें सांगून त्यांवरचा हक्क सोडला नाहीं. यांपैकीं अदाना, हलब व बेरूट या खरोखरच्या विलायती. मर्सिना मात्र अदानाच्या विलायतेंतील एक बंदर. म्हणजे एकाच उत्तरांत हा शब्द कांटेकोर आणि सैल अशा दोन्ही रीतींनीं आला, आणि कोणीही कोणाला थांबवून अर्थ विचारला नाहीं. फ्रान्सच्या हितसंबंधाचें कारण पुढें करून किनाऱ्याचा प्रश्न मागें ठेवण्यांत आला. १९१६ च्या जूनमध्यें अरबांचें बंड सुरू झालें.

त्याच वर्षीच्या मे महिन्यांत इंग्लंड व फ्रान्स यांनीं गुप्त करारानें हा मुलूख आपसांत वांटून घेतला होता. पुढें २ नोव्हेंबर १९१७ रोजीं पॅलेस्टाईनमध्यें यहुदी लोकांसाठीं ‘राष्ट्रीय गृह’ स्थापण्याच्या कामीं साह्य करण्याचें वचन ब्रिटिश सरकारनें जाहीर केलें. युद्ध संपलें आणि प्रश्न उभा राहिला : पॅलेस्टाईन हुसेन यांना दिलेल्या वचनांत होतें कीं नव्हतें? पॅलेस्टाईन हें नांव त्या पत्रांत नव्हतें, जेरुसलेमचेंही नव्हतें. सर्व भार येऊन पडला तो ‘दमास्कसच्या विलायतेच्या पश्चिमेस’ या शब्दांवर.

१९२२ सालीं चर्चिल वसाहतमंत्री असतां सरकारनें जें निवेदन काढलें, त्यांत सांगितलें कीं, वगळलेल्या भागांत बेरूटची विलायत आणि जेरुसलेमचा स्वतंत्र संजक हीं दोन्ही येतात असेंच सरकार प्रथमपासून मानीत आलें आहे; म्हणून जॉर्डन नदीच्या पश्चिमेचें सर्व पॅलेस्टाईन वचनाबाहेर आहे. हा अर्थ टिकावयाचा तर विलायत म्हणजे अकाबाकडे जाणारा मोठा प्रांत असेंच समजलें पाहिजे. तरच पॅलेस्टाईन त्याच्या पश्चिमेस येतें.

यावर अरबांच्या बाजूनें आलेलें उत्तर मार्मिक होतें. विलायत म्हणजे प्रांत असेल, तर होम्स आणि हमा यांचीं नांवें वेगळीं घेण्याचें कारण काय? तीं तर त्याच प्रांतांत मोडतात. शिवाय हलबची विलायत पश्चिमेस थेट समुद्रापर्यंत जाते. तिच्या पश्चिमेस सीरियाचा भाग उरतोच कोठें? तेव्हां विलायत म्हणजे शहर व त्याचा आसमंत. आणि हीं चार शहरें तर दक्षिणोत्तर एका ओळींत आहेत. त्यांच्या पश्चिमेस लेबॅनन आणि सीरियाचा किनारा येतो. पॅलेस्टाईन येत नाहीं. तें खालीं, नैर्ऋत्येस राहतें.

महाराष्ट्राच्या नकाशावर पाहिल्यास हा वाद सहज उमजेल. समजा, एखाद्या जुन्या तहांत ‘नाशिक, पुणें, सातारा व कोल्हापूर या इलाख्यांच्या पश्चिमेचा मुलूख’ वगळला असता. शहरें व त्यांचा आसमंत असा अर्थ घेतल्यास कोंकणपट्टी वगळली जाईल. गोमंतक नव्हे, कारण तो कोल्हापूरच्या दक्षिणेस पडतो. परंतु कोल्हापूरचा ‘इलाखा’ दूर दक्षिणेस कानड्यापर्यंत ताणला, तर गोमंतकही पश्चिमेस येऊन बसेल. शब्द एकच, पण एका अर्थानें गोमंतकाची माणसें एका राज्यांत, दुसऱ्या अर्थानें दुसऱ्या.

दीर्घकाळ हीं पत्रें सरकारनें प्रसिद्ध केलीं नाहींत. मॅकमहॉन यांनीं १९३७ सालीं लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें पत्र लिहून सांगितलें कीं, पॅलेस्टाईनचा समावेश करण्याचा आपला हेतु नव्हता, व हें हुसेन यांनाही समजलें होतें असें मानण्यास जागा आहे. पुढच्याच वर्षीं जॉर्ज अँटोनियस यांनीं अरबी पत्रांवरून स्वतः केलेलीं भाषांतरें आपल्या ग्रंथांत छापलीं. १९३९ च्या मार्चमध्यें सरकारनेंही मजकूर प्रसिद्ध केला. इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर आणि अरबांतर्फे पॅलेस्टाईनचे माजी सरन्यायाधीश सर मायकेल मॅकडॉनेल एका समितींत बसून शब्दाशब्दाचा कीस काढूं लागले. अखेर ब्रिटिश पक्षानें असें कबूल केलें कीं, अरबांच्या म्हणण्यांत आजवर वाटलें होतें त्याहून अधिक बळ आहे आणि पत्राची भाषा मानली जात होती तितकी निःसंदिग्ध नाहीं. तथापि योग्य अर्थ केल्यास पॅलेस्टाईन वगळलेलेंच आहे, हा आपला आग्रह त्यानें सोडला नाहीं. पुढें १९७० सालीं टॉयन्बी व फ्रीडमन या दोघांत याच शब्दांवरून पुन्हां वाद झडला. १९७६ सालीं केदूरी यांनीं या पत्रव्यवहारावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

या हकीकतींतून एक गोष्ट जपून समजून घ्यावयास हवी. पॅलेस्टाईनचा सर्व प्रश्न एका भाषांतरकारामुळें उद्भवला, असें म्हणणें खरें होणार नाहीं. राष्ट्रांचे स्वार्थ, परस्परविरोधी वचनें आणि दोन समाजांच्या आकांक्षा हीं त्याचीं खरीं कारणें. ‘डिस्ट्रिक्ट’ हा मोघम शब्द कैरोच्या कचेरींत कदाचित् सोयीचाही वाटला असेल. घाईच्या वेळीं मोघम शब्द दोन्ही पक्षांना पुढें जाऊं देतो. पण मोघम शब्दाचा अर्थ शेवटीं कोणाला तरी लावावाच लागतो. आणि तो लावण्याचें काम ज्याच्या हातीं सत्ता असते तो करतो. येथें तो अर्थ ज्यांच्या घरादारांवर लागू झाला, त्या लोकांना त्या दहा पत्रांपैकीं एकाहीविषयीं कोणी विचारलें नव्हतें.

हुसेन यांनीं १९२४ सालीं राज्य सोडलें आणि परागंदा होऊन १९३१ सालीं अम्मान येथें देह ठेवला. त्यांचें दफन जेरुसलेममध्यें झालें. ज्या नगराचें नांव २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रांत, इंग्रजींतही नव्हतें आणि अरबींतही नव्हतें, त्याच नगरांत.