विळ्याची पेशी आणि धाग्याची घडी

१९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूर व जबलपूर यांचे जुने शासकीय नाते तुटले. परंतु सातपुड्याच्या दोन्ही अंगांस नांदणाऱ्या आदिवासींच्या रक्तातील एका विकाराला ही सीमा ठाऊक नव्हती. तो विकार म्हणजे सिकलसेल. निलगिरीच्या आदिवासींत १९५२ साली त्याची नोंद झाली. पुढे विदर्भ-महाकोशलातही तो आढळला. १९८४ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आदिवासींच्या आरोग्यासाठी जबलपूरला संशोधन केंद्र स्थापिले, तेव्हा याही विकाराच्या अभ्यासाला तेथे स्थान मिळाले.

या रोगाचा एक विशेष विचारात घेण्याजोगा आहे. दोष जन्मजात असूनही तान्हे मूल पहिले काही महिने सुखरूप असते. याचे कारण असे की, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे जनुक निराळे व निर्दोष असते. जन्मानंतर ते हळूहळू मिटते आणि सदोष जनुकाचा अंमल सुरू होतो. मग प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना उठतात.

ही अदलाबदल घडते कशी? पेशीतील सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात घड्या घालून बसविलेला असतो. या घड्या केवळ जागा वाचवीत नाहीत. हिमोग्लोबिनच्या जनुकांचा नियामक भाग त्यांच्यापासून दूर असतो. धाग्याला वळसा पडून तो ज्या जनुकाला भिडतो, ते जागे होते. २००२ साली हॉलंडमधील संशोधकांनी उंदरांच्या पेशींत हा वळसा दाखविला. २०१४ साली अमेरिकेत प्रौढ माणसाच्या रक्तपेशींत तो गर्भावस्थेच्या जनुकाकडे मुद्दाम वळविण्यात आला, आणि मिटलेले जनुक पुन्हा कार्य करू लागले.

तेच जनुक अन्य मार्गाने जागविणाऱ्या जनुक-संपादनाच्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली. त्याच वर्षी १ जुलैला जबलपूरच्या पूर्वेस शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. नवा उपचार अत्यंत महाग आहे. मात्र गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी स्वस्त आहे, आणि रक्ताची तपासणी तर गावातही होऊ शकते. प्रयोगशाळेने कुलपाची रचना ओळखली आहे. मंडला, दिंडोरी आणि गडचिरोलीच्या पाड्यांपर्यंत किल्ली पोहोचविणे हे समाजाचे व शासनाचे काम आहे.