गश्ती निशान ५३ : आपल्या हैदराबादची एक जुनी गोष्ट

हैदराबादच्या मराठी घरांबद्दल लिहायचं म्हटलं की आंबाड्याची भाजी, सुलतान बाजारची खरेदी आणि विवेक वर्धिनी शाळा ठरलेली. आज जरा वेगळं लिहितो, थोडं लांबेल, पण वाचा.

माझ्या आजोबांच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, ‘गश्ती निशान त्रेपन्न’. गश्ती म्हणजे परिपत्रक. निजाम सरकारच्या या त्रेपन्न नंबरच्या गश्तीनं सरकारी परवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायला बंदी होती. आजोबा म्हणायचे, “अरे, बोलायच्या आधी विचारायचं, आणि विचारलं की नाही म्हणायचे.” असल्या निर्बंधांमुळे हैदराबाद संस्थानच्या लोकांना आपली राजकीय परिषद परमुलखात भरवावी लागली. १९२३ साली काकिनाडा, १९२६ ला मुंबई, १९२८ ला पुणे, १९३१ ला अकोला. घरचं गाऱ्हाणं, पण मांडायचं शेजाऱ्याच्या ओसरीवर!

पुढे १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस निघणार, तर रीतसर स्थापना व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी. कारण काय, तर म्हणे ही संघटना जातीय आहे. मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, गोविंदराव नानल, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्याच वर्षी उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना वंदे मातरम् म्हटलं म्हणून काढून टाकलं. त्यांतले कितीतरी नागपूर विद्यापीठात शिकले. बंदी उठायला १९४६ उजाडलं.

यातली खुबी बघा. मागणीला उत्तर द्यायचंच नाही, मागणाऱ्यावर शिक्का मारायचा. तेव्हा शिक्का ‘जातीय’ होता, आज ‘दहशतवादी’ आहे.

दहशतवाद खोटा आहे असं मी म्हणत नाही. २५ ऑगस्ट २००७ ला कोठीच्या गोकुळ चाटवर स्फोट झाला. आपल्यापैकी कोण तिथं खाल्लं नाही? अशा गुन्हेगारांना कडक शिक्षा हवीच. पण त्याच वर्षी मक्का मशिदीच्या स्फोटानंतर पकडलेली कित्येक पोरं पुढं कोर्टातून निर्दोष सुटली. गेलेले दिवस कोण परत देणार?

१९८५ चा टाडा आठवा. दहा वर्षांत पंचाहत्तर हजारांच्या वर माणसं धरली, शिक्षा झाली शंभरात दोघांनाही नाही. टाडा १९९५ मध्ये संपला, २००२ चा पोटा २००४ मध्ये गेला, पण त्यांतल्या बऱ्याच तरतुदी यूएपीएत येऊन बसल्या. या कायद्यात आरोपपत्राविना १८० दिवस कोठडीत ठेवता येतं. आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. म्हणजे खटला पुढं कधीतरी, शिक्षा आधीच सुरू.

१५ जून २०२१ ला दिल्ली उच्च न्यायालयानं आंदोलन करणाऱ्या तीन विद्यार्थ्यांना या कायद्याखालच्या खटल्यात जामीन दिला आणि स्पष्ट सांगितलं की निषेधाचा हक्क आणि दहशतवादी कृत्य यांतली रेघ पुसट होत चालली आहे. सर्वोच्च न्यायालयानं जामीन कायम ठेवला, पण हा निकाल दाखला म्हणून वापरू नका असंही म्हटलं. रेघेचा प्रश्न तसाच राहिला.

कुणी म्हणेल, आपल्याला काय त्याचं? आपण इथं भाषेनं अल्पसंख्य. शाळेसाठी, वाचनालयासाठी, कधी साध्या मराठी पाटीसाठी निवेदनं द्यायची, मोर्चे काढायचे, हेच आपलं हत्यार. ज्याचं म्हणणं आपल्याला पटत नाही त्याच्या मोर्चावर आज बॉम्बचा कायदा लागला आणि आपण गप्प बसलो, तर उद्या आपल्या निवेदनाला कोण वाली?

बॉम्ब ठेवणारा आणि फलक धरणारा यांना एकाच कलमात बसवू नका, एवढंच मागणं आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी तुरुंगात जाऊन मिळवलेली ही सवलत नाही, हक्क आहे.

तुमच्या घरी सत्याग्रहाच्या, गश्तीच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.